घरीं बांधलेल्या विमानास रंग कोणता द्यावा ?

कारखान्याची वाट न पाहतां स्वतःच्या हातांनीं विमान बांधणारे हौशी लोक अमेरिकेंत पुष्कळ आहेत. १९५३ सालीं विस्कॉन्सिन राज्यांत त्यांची संस्था निघाली, व त्याच राज्यांतील ऑशकॉश गांवीं उन्हाळ्यांत त्यांचा मोठा मेळा भरतो. आपल्याकडेही हा नाद अगदींच अपरिचित नाहीं. कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर बांधलेलें कॅप्टन अमोल यादव यांचें विमान २०१६ सालीं मुंबईच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें. अशा गृहस्थाची कित्येक वर्षांची मेहनत संपत आली, म्हणजे घरांतील लहानथोर एकच प्रश्न विचारूं लागतात : रंग कोणता ? मुलगा तांबडा म्हणतो, पत्नी निळा म्हणते. आमचें मत असें कीं, हा प्रश्न डोळ्यांस विचारण्यापूर्वीं उन्हास व तराजूस विचारावा.

बर्ट रूटन यांच्या 'लाँग-ईझी' सारखीं विमानें फोमच्या गाभ्यावर कांचतंतूंचें कापड एपॉक्सी राळेनें बसवून घडवितात. ही राळ फार तापली कीं मऊ पडते, आणि गडद रंग ऊन शोषून घेतो. उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या मोटारीस ज्यानें हात लावला असेल, त्यास अधिक सांगणें नको. म्हणून तेथें पांढऱ्या रंगाचाच आग्रह असतो. पांढरें विमान कोणास फिकें वाटेल; परंतु ज्या पंखावर आपला जीव टांगलेला आहे तो टणक राहणें अधिक अगत्याचें.

राइट बंधूंच्या १९०३ मधील विमानाचें कापड बिनरंगीच होतें. पुढें कापडी पंखांस रंगाखालीं अॅल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी थर देण्याची रीत पडली. तो शोभेसाठीं नव्हे. सूर्याच्या अतिनील किरणांनीं कापड जीर्ण होऊं नये म्हणून.

आतां तराजू. अमेरिकेच्या अवकाशयानाची मोठी इंधनटांकी १९८१ मधील पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगविली होती. १९८२ पासून तो रंग गाळला, तेव्हां सुमारें ६०० पौंड वजन वांचलें. लहान विमानांत ओझ्याहून तोलाची भीति मोठी. शेपटीचें सुकाणू किंवा पंखाची हलती फळी बिजागरीच्या मागें रंगानें जड झाली, तर वेगांत ती फडफडूं लागते, व ती फडफड क्षणार्धांत शेपूट मोडूं शकते. यास्तव रंगानंतर तोल पुन्हां तपासावा लागतो. हौशी मनुष्य नेमका येथेंच उतावळा होतो.

विमान दुरून दिसावें यासाठीं पिवळाच उत्तम, असा एक समज आहे. तथापि ब्रिटिश विमानदलानें आपलीं शिकाऊ विमानें काळीं रंगविलीं, कारण आकाशावर काळी आकृति अधिक उठून दिसते.

धातूच्या पत्र्याचें विमान असेल, तर पहिलीं उड्डाणें बिनरंगानेंच करावीं. शेजारी हंसतील, हंसोत. तेलाची गळती वा पत्र्याची चीर उघड्या अंगावर चटकन् दिसते, व दुरुस्तीसाठीं ताजा रंग खरवडावा लागत नाहीं.

कोणी म्हणेल, इतकीं वर्षें खपून मनाजोगता रंगही देतां येऊं नये काय ? यावा कीं ! पांढऱ्या अंगावर मुलाचा एक तांबडा पट्टा खुशाल ओढावा. मात्र नोंदणीचीं अक्षरें, जीं आपल्या देशांत 'व्हीटी' नें सुरू होतात, तीं त्या पट्ट्यांत बुडतां कामा नयेत.