रडारला चमकलं म्हणजे बर्फच असेल का?

थंडी वाढली की महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो आपल्या मोबाईलवर येतात. तिथं शंकेला जागा नसते, बोट लावलं की बर्फ कळतो. चंद्राच्या ध्रुवाजवळच्या खड्ड्यांत ती सोय नाही. काही खड्ड्यांच्या तळाशी ऊन कधीच पोचत नाही. तिथं बर्फ शोधायचा तर रडारनं चाचपावं लागतं.

"सर, चांदवर बर्फ सापडला ना?" असं वर्गात मुलं विचारतात. मी म्हणतो, ईदचा चांद दिसला म्हणणाऱ्याला आपण कुठं, किती वाजता, कुणाकुणाला दिसला हे विचारतो ना? मग इथंही विचारू या.

चांद्रयान-१ वरच्या 'मिनी-सार' या रडारच्या नोंदींवरून नासानं २०१० साली सांगितलं की, उत्तर ध्रुवाजवळच्या चाळीसहून जास्त खड्ड्यांत मिळून किमान ६० कोटी टन बर्फ असावा. हा आकडा आला कसा? रडारची लहर फिरकीसारखी वळत जाईल अशी पाठवता येते. एकदाच आपटून परतली तर तिची फिरकी उलटते, आरशात उजवा हात डावा दिसावा तशी. पण स्वच्छ बर्फात लहर आत शिरते, भेगांवर पुन्हा पुन्हा आपटते, आणि बरीचशी मूळ फिरकीनंच परत येते. अशी मूळ फिरकी जास्त दिसली, की बर्फाचा संशय घ्यायचा.

मेख इथंच आहे. दगडगोट्यांच्या राशीतही लहर दोनदा आपटते, दोनदा उलटते, म्हणजे पुन्हा सरळ. बर्फ आणि खडबडीत दगड, दोघांची साक्ष सारखीच! म्हणून शास्त्रज्ञ गणिती नमुने मांडतात: दगड असे असतील तर काय परत येईल, बर्फ इतका जाड असेल तर काय. 'मिनी-सार'च्या गटाचा युक्तिवाद असा होता की, नव्या खड्ड्यात दगड आत आणि बाहेर दोन्हीकडं विखुरतात. पण या खड्ड्यांत ही खूण फक्त आत आहे. युक्तिवाद चांगला, पण शेवटचा शब्द नव्हे. कारण ऑक्टोबर २००९ मध्ये कॅबियस खड्ड्यात नासानं रॉकेटचा भाग आदळवला तेव्हा उडालेल्या धुरळ्यात पाणी मिळालं, आणि त्याच खड्ड्यात रडारला ती खूण दिसली नव्हती. मातीत मिसळलेले बर्फाचे कण रडारला गप्पच ठेवतात.

चांद्रयान-२ चं रडार जास्त बारकाईनं पाहतं. ते दोन लांबीच्या लहरी वापरतं, आणि आडव्या-उभ्या लहरी पाठवून चारही तऱ्हांनी परतावा मोजतं. ते यान चंद्राच्या कक्षेत पोचलं २० ऑगस्ट २०१९ ला. आपण सांगलीकर तेव्हा घरातला गाळ उपसत होतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती.

हे दोन विषय वेगळे नाहीत. पुराच्या वेळी आभाळ भरलेलं असतं, साधा उपग्रह फोटो काढू शकत नाही. रडार ढगातून पाहतं. संथ पाणी लहर पलीकडं परतवतं, म्हणून चित्रात काळं दिसतं. पण पाण्यात उभ्या उसाचं काय? लहर पाण्यावर आपटते, मग उसाच्या दांड्यावर, आणि जोरात परतते. बुडालेला फड काळा न दिसता उजळ दिसू शकतो. नुसतं 'काळं म्हणजे पाणी' धरून नकाशा केला, तर वाळवा-पलूसकडचा बुडालेला ऊस कोरडा मोजला जाईल. भरपाई ज्याच्या पंचनाम्यावर अवलंबून आहे, त्याला हा फरक पोटाला चिमटा काढणारा आहे.

३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाचा 'निसार' उपग्रह गेला. तो बारा दिवसांनी त्याच जागेवरून पुन्हा जातो, आणि त्याच्या लांब लहरी पिकातून आत शिरतात. पण पूर बारा दिवस थांबत नाही. माझं मत विचाराल तर, रडारचा नकाशा आला तरी तलाठ्यानं बांधावर यायलाच हवं. आणि आपणही फडात पाणी असतानाच तारखेसकट फोटो काढून ठेवावेत.