भिडे मास्तरांची भीती

हिंदी पडद्यावर मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर कामवाली बाई, यावर आपण चिडून चिडून दमलोय. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) गाजवणारा लक्ष्मीकांत बेर्डे 'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये घरगडी लल्लू होतो, हे आठवलं की माझं अजूनही डोकं फिरतं.

पण खरं सांगू? मला जास्त भीती वाटते ती 'तारक मेहता'तल्या भिडे मास्तरांची. २००८ साली सुरू झालेली मालिका. मराठी माणूस शिकवण्या घेणारा, काटकसरी, नियमांवर बोट ठेवणारा. समोर जेठालाल, गुजराती म्हणजे दुकानदार. दोघेही गोड, म्हणून कोणी तक्रार करत नाही. शिवी दिलेली निदान कळते तरी; लाडाने मारलेला शिक्का पुसणार कसा?

आमच्या घाटकोपरात मराठी-गुजराती पिढ्यानपिढ्या भिंतीला भिंत लावून राहतात. तरी इंजिनिअर मुलगा नोकरी सोडून धंदा काढतो म्हणाला की "आपल्या लोकांना जमतं का ते?" हे त्याला घरातूनच ऐकावं लागतं. आणि गुजराती मुलगी पीएचडी करतेय कळलं की लोक विचारतात, मग दुकान कोण बघणार?

आपणही काही कमी नाही बरं का. मराठी नाटकात गुजराती शेठ आला की तो मोडकंतोडकं मराठी बोलणारच, आणि थिएटर हसणारच. आमच्या मजल्यावरचे गुजराती काका माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात (माझं अर्धं इंग्रजी असतं, असो). मुलुंडच्या कालिदासला हौसेने नाटकं बघायला जायचे. तिकीट काढून, तो शेठ बघायला.