आजीची गोष्ट आणि काचेची पाटी

सुरतेच्या गोडादरा भागात खानदेशी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडधंद्यासाठी आलेल्या या घरांतील वडीलधारी माणसे अजून अहिराणी बोलतात. अशाच एका घरी आमचे नुकतेच जाणे झाले. घरचा मुलगा संगणकावर साड्यांची नक्षी काढतो, आणि रात्री टॅब्लेटची काचेची पाटी मांडीवर घेऊन आजीच्या गोष्टी चितारतो.

चिमणी-कावळ्याची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण सात भावांच्या एकुलत्या बहिणीची गोष्ट आज किती मुलांच्या कानी पडते? भावजया तिला दोरीवाचून मोळी आणावयास धाडतात. ती रानात रडत बसते, तेव्हा एक साप दोरी होऊन लाकडांना वेढा घालतो.

मुलाने प्रथम तयार नमुन्यांतला, फणा उभारलेला नाग उचलला व भोवती वारली पद्धतीची माणसे मांडिली. आजी पाहून म्हणाली, "हाऊ मन्हा गोष्टना साप नही शे." त्या सापाला पाहून पोरीला भय नव्हे, धीर आला होता! मुलगा वरमला. मग आजीच्या हातावरील हिरवे गोंदण त्याने निरखिले आणि त्याच ठिपक्यांच्या रेषेत साप पुन्हा काढिला. या वेळी आजी हसली.

वारली चित्रकला थोर आहे. डहाणूकडील जिव्या सोमा मशे यांना तिच्यासाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. परंतु तांदळाच्या पिठाने मातीच्या भिंतीवर उमटलेली ती रेषा त्या लोकांच्या जगण्यातून आली आहे. दुसऱ्याची रेषा उसनी घ्यावयाची तर ती मानाने व नाव सांगून घ्यावी. आणि आपल्या घरी काय आहे, तेही पाहावे.

यंत्राचे आम्हांस वावडे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी पोथीतील एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. ही कला जतन करणारे परशुराम गंगावणे यांचा २०२१ साली पद्मश्रीने गौरव झाला. काचेच्या पाटीवरही चित्रामागून चित्र येते. मात्र कथा सांगणारा कंठ जवळ असावा लागतो.

खानदेशच्याच बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेविली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ साली ती छापली गेली. टिपून ठेविली नसती, तर महाराष्ट्र केवढ्या ठेव्यास मुकला असता!

वाचकहो, आपल्या घरीही अशी आजी असेल. सायंकाळी जेवणे आटोपल्यावर मुलांना तिच्याजवळ बसवा. आधी गोष्ट तिच्याच बोलीत ऐकू द्या, टिपून घेऊ द्या; मग कागदावर असो वा काचेवर, चित्र काढू द्या. आणि काढलेले चित्र प्रथम तिलाच दाखवावयास सांगा.