कागद घडवणाऱ्यांचे दफ्तर कुठे आहे?

जुन्नर हे कागद्यांचे गाव. इथल्या मुस्लिम कागदी कारागिरांनी गोणपाट कुटला, लगदा पाण्यात कालवला, ताव उचलले, घोटले आणि 'जुन्नरी कागद' पेशवाईच्या दफ्तरांपर्यंत पोहोचवला. मुलखाचे हिशेब आणि निवाडे ज्यांच्या कागदावर टिकले, त्यांच्याच मोहल्ल्यांतली कागदपत्रे आज पत्र्याच्या पेट्यांत कसर खाते आहे. घरातला बुजुर्ग जातो, चाळिसावा होतो, आवराआवर निघते आणि पेटी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढते. गावोगाव सार्वजनिक ग्रंथालय असताना असे का व्हावे, हा आमचा सवाल आहे.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान मिळू लागले, खेडोपाडी कपाटे पोहोचली. हे मोठे काम आम्ही नाकारत नाही. पण तपासणीच्या वेळी पुस्तके मोजली जातात. गावाची आठवण कोण मोजतो? कादंबरी बदलून देणे आणि वर्तमानपत्र चाळायला बाक ठेवणे, एवढ्यावर ग्रंथालयाचे काम संपत नाही.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या जुन्नरला हे कळत होते. इथल्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणी नोंदल्या आहेत. पाण्याचे टाके दान करणाऱ्या यवनाचेही नाव आहे. परक्या मुलखातला माणूस, पण गावाची तहान भागवली म्हणून दगडावर राहिला. शिवनेरीवर कमानी मशीद आहे, हापूसबागेत हबशी घुमट आहे. सरदारांच्या आठवणीला दगड मिळतो. कागदी, आतार, तांबोळी, मनियार, पिंजारी यांच्या आठवणीला निदान एक फाइल तरी मिळावी!

ही गरज एकट्या मुसलमानांची नाही. शेजारच्या तालुक्यातले मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. नाव तालुक्याला उरले, कचेरी घोडेगावात आहे. बुडालेल्या जमिनीची नोंद सरकार ठेवते, कारण मोबदला द्यायचा असतो. बाजारात कोण कुठे बसत होता, जत्रेत कोणाचा मान होता, याची नोंद सरकारला नको असते. ती ग्रंथालयाला हवी.

काही जण म्हणतात, आपली वेगळी लायब्ररी काढू. जरूर काढा. मालेगावात उर्दू लायब्ररी आहेच. पण आपली आठवण आपल्याच कपाटात कोंडली, तर शेजाऱ्याने ती वाचायची कुठे? "तुम्ही इथले कधीपासूनचे?" असे आपल्या मुलांना विचारले जाते. त्याचे उत्तर मोहल्ल्यात असून भागत नाही, विचारणाऱ्याच्या हाताशी असावे लागते. दुसरे म्हणतात, आता सारे मोबाइलवर मिळते. जे कुणी तिथे ठेवलेच नाही, ते मिळणार कसे?

१९९० साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी आमचीही भाषा आहे, हे आपण तिथे ठणकावून सांगितले. मग तालुक्याच्या ग्रंथालयात आपल्या लेखकांची पुस्तके किती, हे विचारायला आपल्यातले कितीजण जातात?

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारे लोक. आमची मुले उर्दू वाचतात, मराठीही वाचतात. दोन्ही बाजूंचे कागद त्यांना उलगडता येतील. बुजुर्गांचे बोलणे त्यांच्याच दखनीत टिपून घेण्याचे काम नववीचा वर्गही करील. ग्रंथालयाने फक्त एक कपाट द्यावे, त्यावर गावाचे नाव लिहावे आणि उर्दू, मोडी, फारसी कागदाला तिथे मज्जाव करू नये.

आणि कौमने? सभासद व्हावे, वर्गणी भरावी, वार्षिक सभेला बसावे. पेटी रद्दीत देण्याआधी ग्रंथपालापुढे उघडावी. त्याने नाकारली, तर कारण लेखी मागावे.