मंतरलेले तेल आणि आपला डबा

अमावास्येच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काष्ठौषधींच्या दुकानांत आणि लहान औषधशाळांत एक विशिष्ट मागणी येते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. पाच लिटर निर्गुंडी तेल, तीन लिटर करंज तेल किंवा नुसतेच 'वाताचे तेल' हवे असते. मात्र बाटलीत नको, डब्यात हवे, आणि डब्यावर कागद चिकटवलेला नको. मागणारा गृहस्थ बहुधा भगत किंवा देवऋषी असतो, अथवा त्याने पाठविलेला माणूस. हे तेल पुढे मंतरले जाते, छोट्या बाटल्यांत भरले जाते आणि 'बाहेरची बाधा', 'करणी', 'नजर' अशा समजुतीने आलेल्यांना अंगाला चोळण्यास, नाकात सोडण्यास, प्रसंगी पिण्यासही दिले जाते. मंत्र त्याचा असतो, तेल आपले असते. या व्यवहाराविषयी आपल्या व्यवसायात उघडपणे बोलले जात नाही. ते बोलले जावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

देवऋषीची टवाळी करणे हा आमचा हेतू नाही, आणि खरे पाहता तो अधिकारही आपल्याला नाही. भूतविद्या हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात बालग्रहांचे अध्याय आहेत, अमानुषोपसर्गप्रतिषेध आहे. वाग्भटाच्या उत्तरस्थानात भूतविज्ञानीय व भूतप्रतिषेध असे दोन अध्याय लागोपाठ येतात. हिंग, त्रिकटू, लसूण, रुईचे मूळ, वेखंड ही द्रव्ये तेथे आहेत आणि नस्य, अंजन, धूप, अभ्यंग या रूपांत त्यांची योजनाही आहे. औषधी कोणत्या नक्षत्रावर उपटावी, हे चरकाच्या कल्पस्थानातही सांगितलेले आहे. तेव्हा गावातील देवऋषी शनिवारी मुक्याने जाऊन निर्गुंडीचा पाला आणतो, याला आपण हसावे असे काही नाही. त्याची कढई आणि आपली कढई एकाच चुलीवरून आलेल्या आहेत.

परंतु त्याच परंपरेतील दुसरी गोष्ट आपण सोयिस्करपणे विसरतो. चरकाच्या निदानस्थानात उन्मादाच्या अध्यायाच्या शेवटी स्पष्ट म्हटले आहे, की जो स्वतःच्या कर्माने क्लेश पावलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच्च, राक्षस यांपैकी कोणीही क्लेश देत नाही. दुःखाचे कारण प्रज्ञापराधात शोधावे, देवपितरांना दोष देऊ नये, असा तेथील रोख आहे. दैवव्यपाश्रय चिकित्सा सांगणाऱ्या आचार्यांनीच हे लिहिले. शिवाय त्यांनी अपस्माराला स्वतंत्र व्याधी मानून त्याची दोषानुसार लक्षणे दिली. भूतविद्येचा आधार घेऊन जो वैद्य सुट्या तेलाच्या विक्रीचे समर्थन करतो, त्याने हा अध्याय पुन्हा एकदा उघडून पाहावा.

आता तेलाकडे वळू, कारण आपला खरा अधिकार तेथे आहे. लोकाचारातील तेलाची कृती ठिकठिकाणी बदलते, पण तिचा सांगाडा सारखाच असतो. लोखंडी कढईत मोहरीचे, करंजाचे किंवा तिळाचे तेल घेतात. त्यात ठेचलेला लसूण, वेखंडाचा तुकडा, हिंग, कडुनिंबाचा आणि निर्गुंडीचा पाला, कोठे रुईचे पान, कोठे बिब्बा टाकतात. हे सारे जळून काळे पडेपर्यंत तेल उकळतात, कारण 'काळे तेलच काम करते' असा समज आहे. यात द्रवद्रव्य नसते. शार्ङ्गधराने कल्काच्या चौपट स्नेह आणि स्नेहाच्या चौपट द्रव सांगितला, त्यामागे केवळ प्रमाणाचा हट्ट नव्हता. कढईत पाणी आहे तोवर पाकाचे तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहते आणि वनस्पतीचा अंश सावकाश स्नेहात उतरतो. पाणी संपले की तापमान झपाट्याने चढते. म्हणूनच त्या क्षणी वैद्य कढईपाशी उभा असतो: कल्काची वात वळते का, ती अग्नीवर धरली असता तडतडते का, तेलावर फेस येतो का, हे पाहत असतो. देवऋषीच्या तेलात हा टप्पा पहिल्या पाच मिनिटांतच ओलांडला जातो. उरतो तो दग्धपाक. आणि दग्धपाक दाह करणारा व निष्प्रयोजन, असा निर्वाळा आपल्या ग्रंथांनी फार पूर्वीच दिलेला आहे.

तरीही ते तेल लावून बरे वाटले असे सांगणारे लोक भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. संध्याकाळी कोणीतरी जवळ बसवून, विचारपूस करून, अर्धा तास कोमट तेलाने डोके, मान, पाठ चोळली, तर अनेकांना त्या रात्री झोप लागते. अभ्यंगाचे हे फळ वैद्याला सांगावे लागू नये. त्याचे श्रेय मंत्राला दिले जाते, याचे आम्हाला फारसे वाईट वाटत नाही. वाईट याचे वाटते, की दहा मिनिटांत नाडी पाहून चिठ्ठी देणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी तो अर्धा तास देणे केव्हाच सोडून दिले आहे.

धोका सुरू होतो तो द्रव्यांपाशी. बिब्ब्याचे उदाहरण घ्यावे. दारावर लिंबू-मिरचीबरोबर टांगला जाणारा बिब्बा तेलातही पडतो. दोघांत वितुष्ट आणण्याला मराठीत 'बिब्बा घालणे' म्हणतात, ते उगीच नव्हे. विटेच्या चुऱ्यात घोळून शोधन केल्याखेरीज आपण भल्लातक हातात धरीत नाही. तेथे तो अख्खाच उकळत्या तेलात जातो, आणि मग पाठीवर उठलेल्या फोडांना 'बाधा बाहेर पडते आहे' असा अर्थ दिला जातो. भल्लातक, अर्क, धत्तूर, गुंजा, करवीर, लांगली ही सर्व द्रव्ये औषध नियमांच्या परिशिष्ट ई(१) मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत, हे औषधनिर्मात्यांना ठाऊक असतेच.

कापराकडे मात्र आपलेही दुर्लक्ष होते. मंतरलेल्या तेलात कापूर हमखास असतो, कारण देवाचा वास त्यालाच येतो. लहान मुलाच्या पोटात कापराचे तेल थोडे जरी गेले तरी काही मिनिटांत आकडी येऊ शकते. म्हणजे आकडी येणाऱ्या मुलाला आकडी आणणारे द्रव्य दिले जाते, आणि पुढची आकडी आली की तेलाची मात्रा वाढते. वेखंडाचेही तसेच आहे. आपल्याकडील वेखंडात बीटा-ॲसरोनचे प्रमाण अधिक असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर उगाळलेली एक रेघ आणि रोज तेलातून जाणारा अनिश्चित अंश, यांत फरक केलाच पाहिजे.

मूळ तेलाचीही खात्री नसते. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक माणसे दगावली, हे आपण विसरलेले नसू. आठवडी बाजारातून स्वस्तात आणलेल्या मोहरीच्या तेलात काय आहे, हे मंतरणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. घोरपडीच्या व सांड्याच्या तेलाविषयी तर लिहिण्याचीही गरज पडू नये. दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तरी दुकानांत चौकशी होते. 'हत्ताजोडी' नावाची मुळीही अशीच मागितली जाते. दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाणारी ही वस्तू प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. काष्ठौषधींच्या कपाटात तिला जागा असता कामा नये.

या सर्वांहून मोठी हानी तेलात काय आहे याने होत नाही, तेलामुळे काय लांबते याने होते. बेशुद्ध, आकडीत असलेल्या माणसाच्या नाकातोंडात तेल सोडले, तर ते फुप्फुसात उतरते. हा एक भाग झाला. दुसरा भाग वेळेचा. पाच मिनिटांहून अधिक चाललेली आकडी ही तातडीची अवस्था आहे, तेव्हा उताऱ्याला वेळ नसतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा बाळंतपणानंतरच्या दिवसांत वाढलेल्या रक्तदाबाने आकडी येते, तेव्हा आई आणि मूल दोघेही तासांच्या हिशेबात हातचे जाऊ शकतात. बाळंतीण तीन-तीन रात्री झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाला जवळ घेत नाही किंवा त्याच्याविषयी विचित्र शंका घेते. घरातील वडीलधारी माणसे 'सटवाईचा कोप' म्हणून तिला देवऋषीकडे नेतात. हा सूतिकोन्माद आहे आणि त्यात आत्मघात व बालहत्या दोन्हींचे भय असते. अशा बाईच्या टाळूवर जे तेल थापले जाते, ते आपल्या औषधशाळेतून गेलेले असेल, तर 'आम्ही फक्त तेल विकले' हे उत्तर पुरेसे आहे काय?

कायद्यापुढे तर ते मुळीच पुरेसे नाही. विक्रीसाठी तयार केलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर नाव, घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, निर्मितीची तारीख असलेच पाहिजे. तेल बाह्योपचाराचे असेल तर तसेही लिहिले पाहिजे. नोंदणीकृत वैद्याला स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करून देताना परिशिष्ट टी मधील निर्मितीच्या अटींतून सूट आहे. पण ही सूट स्वतःच्या रुग्णापुरतीच आहे, बाजारातील विक्रीला नाही. देवऋषी हा आपला रुग्ण नव्हे. पाच लिटरचा बिनकागदी डबा ही विक्रीच होय. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमात 'जाहिरात' या शब्दात लेबल आणि वेष्टणही येते, व ज्या व्याधींविषयी दावा करण्यास मनाई आहे त्यांत अपस्मार व वेड यांचा समावेश आहे. त्यात २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर तो वटहुकूमाने आला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. त्यातील शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. उद्या एखाद्या प्रकरणात पोलिसांनी डब्याचा माग काढला, तर तो कोणाच्या दारात थांबेल, याचा प्रत्येकाने विचार करावा.

यावर काही मंडळींचे म्हणणे असे, की मग अशा गिऱ्हाइकाला दारातूनच परत पाठवावे. आम्हाला ते पटत नाही. परत पाठविलेला देवऋषी तेल करणे थांबवत नाही. तो आठवडी बाजारात जातो आणि तेथे त्याला वर सांगितलेले मोहरीचे तेल मिळते. शिवाय ज्या खेड्यात वैद्यही नाही आणि डॉक्टरही नाही, तेथे रुग्ण पहिल्यांदा त्याच्याच ओसरीवर पोहोचतो. रुग्णाला पुढे पाठवू शकणारा तो पहिला माणूस आहे. त्याच्याशी बोलण्याची जी एकमेव संधी आपल्याला आहे, ती तो तेल मागायला येतो तेव्हाचीच. दुसरी बाजू म्हणते, मी दिले नाही तर शेजारचा देईल, मग धंदा का सोडावा? यात तथ्य आहे, म्हणून हे एकेकट्याने करण्याचे काम नाही. तालुक्यातील औषधविक्रेते आणि वैद्य यांनी एकत्र बसून ठरविले, तरच त्याला अर्थ राहील.

ठरवायचे ते फार नाही. सुटे, बिनकागदी तेल कोणालाही द्यावयाचे नाही. लहान, बंद बाटल्यांत, पूर्ण लेबलासह द्यावयाचे, मग ते कोणी मंतरो अथवा न मंतरो. कापूर, बिब्बा, धोत्रा असलेले तेल या कामासाठी अजिबात द्यावयाचे नाही. तीळतेलातील साधे निर्गुंडी तेल द्यावे. आणि घेणाऱ्याला दोन गोष्टी तोंडी सांगाव्या, त्याचा मान राखून, 'महाराज' म्हणत असाल तर 'महाराज' म्हणूनच: हे फक्त अंगाला लावायचे, नाकातोंडात नाही, तान्ह्या मुलाला मुळीच नाही, आणि आकडी, गरोदर बाई, बाळंतीण असे काही आले, तर आधी दवाखाना, मग तुमचे जे काही असेल ते.

हेच बाटलीला बांधलेल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापावे आणि खाली जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे नाव व १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक द्यावा. चिठ्ठी दोऱ्याने बाटलीच्या गळ्याशी बांधावी, डिंकाने चिकटवू नये; तेलाचा हात लागला की डिंकाचा कागद आठवड्यात सुटून पडतो.