भाकितं बंद नकोत, चाळून वाचा



दहावीच्या निरोप समारंभातील फिशपाँड (एकमेकांवर लिहिलेल्या निनावी, थट्टेच्या चिठ्ठ्या) आणि ‘वीस वर्षांनी कोण काय होणार’ ही भाकितं शाळांनी बंदच करावीत, असे मत गेल्या अंकातील पत्रात मांडले आहे. त्यामागची कळकळ मान्य. निष्कर्ष मान्य नाही.

रंग, उंची, तोतरेपणा, जात, घरची परिस्थिती यांवरची चिठ्ठी हा विनोद नसून अपमान आहे आणि निनावीपणामुळे तो करणारा नामानिराळा राहतो. सवयींवरचे भाकीत वेगळे. सतत पेन मागणाऱ्या मुलाबद्दल आमच्या वर्गाने लिहिले होते : ‘हा पेनांचे दुकान काढणार, माल आपलाच असेल.’ सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. रोज घंटेनंतर धापा टाकत येणारीला ‘एसटीत कंडक्टर होणार, म्हणजे गाडी तिच्याशिवाय सुटणार नाही’ असे भाकीत मिळाले. सोबत्यांनी आपल्याला नीट पाहिले आहे, हे मुलांना त्यातून कळते. बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर टक्केवारीपलीकडची ही ओळख त्यांना हवीच.

म्हणून वर्गशिक्षकांनी चिठ्ठ्या आधी वाचाव्यात. मागे लिहिणाऱ्याचे नाव असावे. प्रत्येकाच्या वाट्याला एक तरी भाकीत यावे. शेवटच्या बाकावरचा अबोल मुलगा सुटता कामा नये. बंदी घातली तर हीच थट्टा मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये जाईल आणि तिथे तिला आवर घालणारे कोणी नसेल.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा