निकाल मला न कळवता माझी मुदत कशी सुरू होते?

महाराष्ट्र विधिमंडळाच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



मी एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सभासद आहे आणि शेवटच्या मजल्यावर राहते. गच्चीतून पाणी झिरपून माझ्या घराचे छत फुगले, पोपडे पडले, आतल्या सळ्या गंजून उघड्या पडल्या. गच्चीची गळती संस्थेने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची, असे आदर्श उपविधी सांगतात. आमच्या समितीने तो खर्च माझ्या बिलात घातला आणि मी तो भरला नाही म्हणून मला थकबाकीदार ठरवले. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली मी सहकार न्यायालयात गेले. पुरावा झाला, उलटतपासणी झाली, युक्तिवाद झाले आणि निकाल माझ्याविरुद्ध लागला. त्याचे दुःख आहेच, पण हे पत्र त्यासाठी नाही. निकाल चुकू शकतो, म्हणूनच तर वरती अपील ठेवले आहे. माझे दुखणे हे की माझे अपील कुणी उघडून वाचलेच नाही.

युक्तिवाद संपल्यावर प्रकरण निकालासाठी ठेवले गेले आणि नुसत्या तारखा पडत राहिल्या. अशाच एका तारखेला, मी आणि माझे वकील दोघेही हजर नसताना, निकाल जाहीर झाला. मला ना नोटीस आली, ना साधे पत्र. मला तो कळला संस्थेच्या सूचनाफलकावर. समितीने ‘संस्थेच्या बाजूने निकाल’ असा कागद लावला होता आणि जिन्यात उभी राहून मी तो वाचला. लगेच नकलेसाठी अर्ज केला, नक्कल मिळताच अपील दाखल केले. तरीही उशीर झाला होता.

तो का झाला, हे आपण सर्वांनी एकदा आपल्याच कायद्यात पाहावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम ९७ सहकार न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपिलाला दोन महिने देते. ते मोजायचे निकालाच्या तारखेपासून. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ मुळे वगळले जातात. पण नकलेचा अर्ज करण्याआधीचे दिवस, म्हणजे निकाल लागला आहे हेच मला ठाऊक नव्हते ते दिवस, माझ्याच खात्यावर पडतात. आता सहकारी संस्था कायद्याचेच कलम १५२ पाहा. निबंधकांच्या आदेशाविरुद्ध अपिलाची मुदत तिथेही दोन महिनेच आहे, पण ती धावते आदेश कळवल्याच्या तारखेपासून. कलम १५४ खालच्या पुनरीक्षण अर्जाचेही तसेच. म्हणजे माणसाला कळल्याशिवाय त्याची मुदत सुरू होऊ नये, हे या कायद्याला मान्य आहे. मग ज्या न्यायालयात सभासदाचे घर आणि आयुष्यभराची पुंजी पणाला लागते, नेमके तिथेच ते का मान्य नाही?

कलम १५३ मध्ये उशीर माफ करण्याची सोय आहे, असे मला सांगण्यात आले. सोय आहे, पुरेसे कारण दाखवले तर. मी ते दाखवायला उभी राहिले तेव्हा समोरच्या वकिलांनी विचारले, तुम्हाला निकाल आधी कळला नव्हता याचा पुरावा काय? जे मला कुणी सांगितलेच नाही, त्याचा कागद मी कुठून आणणार? सांगितले असते तर पोच असती, टपालाची पावती असती. न सांगितल्याची पावती जगात कुणी देत नाही. विलंबाच्या प्रत्येक दिवसाचा खुलासा हवा, हे वाक्य त्या दिवशी मी पुन्हा पुन्हा ऐकले. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादनाच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे की या वाक्याचा अर्थ अक्षराला चिकटून लावू नये, उशीर माफ न केल्याने खरी बाजू असलेला माणूसही दारातूनच परत जातो. माझा अर्ज फेटाळला गेला आणि गळतीबद्दल एक शब्दही न बोलता माझे अपील संपले.

मुदत नकोच, असे मी म्हणत नाही. भांडणाला कुठेतरी शेवट हवा, समोरच्यालाही निवांत झोप लागली पाहिजे. पण ही शिस्त एकट्या सभासदासाठीच का? सदस्यत्व नाकारले म्हणून कुणी कलम २३ खाली निबंधकांकडे अपील केले, तर ते तीन महिन्यांत निकाली काढायचे, पण ‘शक्यतोवर’. कार्यालयाला उशीर झालाच, तर कारणे नोंदवली की झाले. कार्यालयाला खरेच बांधता येते, हेही आपण दाखवून दिले आहे. समितीच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज बाद झाला तर कलम १५२-अ खाली तीन दिवसांत अपील करायचे आणि ते दहा दिवसांत निकाली निघाले पाहिजे. निवडणुकीसाठी जी तत्परता सुचली, ती घराच्या छतासाठी का सुचू नये? आणि वसुलीच्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाला जाणाऱ्याने तर आधी निम्मी रक्कम भरायची, मग तोंड उघडायचे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये एक छोटी तरतूद आहे. अर्ज नाकारताना अधिकाऱ्याने कारण तर सांगायचेच, शिवाय अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचे हेही त्याच पत्रात लिहून द्यायचे. एका कागदाची प्रत नाकारताना राज्य नागरिकाशी इतक्या सभ्यतेने वागते. माझ्या निकालपत्राच्या शेवटच्या पानावर मात्र असे काहीच नव्हते.

आपण २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी या कायद्यात स्वतंत्र प्रकरण घातले. त्या वेळी हे राहून गेले, याचा सल मला आहे, कारण वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, वकिलाच्या एका फोनवर विसंबलेल्या बायका आणि म्हातारी माणसे या राज्यात कमी नाहीत. संस्थेचा वकील फी सगळ्यांच्या वर्गणीतून घेतो. आम्ही ती पेन्शनीतून देतो.

माझे प्रकरण आता परत येणार नाही. पण येत्या अधिवेशनात कलम ९७ मध्ये ‘निकालाच्या तारखेपासून’ याऐवजी ‘निकालाची प्रत पक्षकाराला मिळाल्याच्या तारखेपासून’ एवढी दुरुस्ती करा. ती प्रत न्यायालयानेच विनामूल्य पाठवावी आणि अपील कुठे, कधीपर्यंत करायचे हे तिच्यावर मराठीत छापावे, असे नियमांत घाला. आपल्यापैकी कुणीही एका सदस्याने हे अशासकीय विधेयक म्हणून मांडले तरी चालेल.

आपली,
एक सभासद